कडाप्प्याचा ओटा न बदलता: फोंडा तालुक्यातल्या एका स्वयंपाकघराचं प्रकरण

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घरातला हा ओटा. कडाप्प्याचा, काटकोनात वळलेला, घर बांधलं तेव्हा म्हणजे पंचवीसेक वर्षांपूर्वी बसवलेला. लांब बाजू ९ फूट, आखूड बाजू कोपरा धरून ५ फूट, रुंदी २ फूट. वरचा पृष्ठभाग २४ चौरस फूट भरतो, त्यातून सिंकचे ३ वजा केले की घासायला २१ उरतात. लाद्या तीन आणि सांधे दोन, एक कोपऱ्यात आणि दुसरा सिंकपासून वीतभर अंतरावर. मागच्या भिंतीला २ फूट उंचीपर्यंत ८ बाय १२ इंची पांढऱ्या टाइल्स.

घरच्यांची तक्रार अशी: ओटा पांढरट पडलाय, कितीही पुसला तरी कळकट दिसतो, सांध्यांतून झुरळं येतात आणि सिंकखालच्या कपाटात पाणी ठिबकतं. २०२५ची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ऑगस्टला होती. त्याआधी ओटा नीट व्हावा आणि खर्च १०,००० रुपयांच्या आत बसावा, एवढीच मागणी. काम निघालं जुलैच्या मध्यावर, ऐन पावसात.

पावसाचा मुद्दा पुढे प्रत्येक टप्प्यावर आडवा आला. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चिरा सच्छिद्र असतो. पावसाची बाजू झेलणारी चिऱ्याची भिंत या काळात पाणी पिऊन बसते आणि त्या भिंतीला टेकलेला ओटा मागून ओला राहतो. पुढून कितीही कोरडा पुसला तरी त्याला फरक पडत नाही.

काय केलं नाही, आणि का

सगळ्यात स्वस्त पर्याय संगमरवरी नक्षीच्या चिकट फॉइलचा. घरात तो आधी एकदा करून झाला होता; शेगडीजवळ फॉइल आकसलं होतं आणि सिंकजवळ त्याच्याखाली काळी बुरशी धरली होती. यात फॉइल चिकटवणाऱ्याच्या हाताचा दोष नाही. हे फॉइल पीव्हीसीचं असतं, ते साधारण ६० ते ७० अंशांपुढे मऊ पडतं आणि विस्तवावरून उतरवलेल्या टोपाचा बूड १०० अंशांच्या वर असतो. शिवाय खालून येणारी ओल बाहेर पडायला वाट नसते.

दुसरा पर्याय ओतीव इपॉक्सीचा थर, म्हणजे दोन भाग कालवून ओतायची, घट्ट होणारी राळ. दिसतो सुंदर. पण ३ मिलिमीटर जाडीला दर चौरस मीटरमागे ३ लिटर माल लागतो, म्हणजे या ओट्याला जवळपास ६ लिटर. इथेच बजेट संपतं. त्यात बहुतेक ओतीव इपॉक्सी गरम भांड्याखाली मऊ होतात, आणि दमट हवेत ओतल्या तर वर चिकट पांढरट साय धरते. जुलैच्या गोव्यात हे काम करूच नये.

ओट्यावर टाइल चढवली तर उंची दीड-दोन सेंटिमीटरने वाढते, सिंक खोल जातं आणि नवे डझनभर सांधे जन्माला येतात. जुन्या ओट्याचा त्रास सांध्यांचाच होता, तेव्हा तो वाढवण्यात अर्थ नव्हता. नव्या ग्रॅनाइटचं म्हणाल तर नुसता दगड कदाचित परवडला असता. पण लादी उचकटली की मागच्या टाइलची खालची रांग जाते, सिंक सुटं होतं, नळजोड हलतो आणि गवंड्याचे चार दिवस वाढतात. मुळात दगड धड होता. थकले होते ते सांधे आणि वरचा अर्धा मिलिमीटर. पैसे तिथेच घालायचे ठरलं, त्यातही आधी सांध्यांवर आणि मग चकाकीवर.

निदान

दगड कोणता हे आधी नक्की करावं, कारण काळं ग्रॅनाइट आणि कडाप्पा जुने झाले की लांबून सारखेच दिसतात. शेगडीमागे, नजरेआड, लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका आणि पाच मिनिटांनी पुसा. कडाप्पा हा चुनखडीचा दगड, आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यावरून त्याचं नाव पडलं. आम्ल लागलं की तो विरघळतो. बारीक बुडबुडे दिसोत न दिसोत, पुसल्यावर फिकट, चकाकी गेलेला ठिपका उरतो. ग्रॅनाइटवर काही उरत नाही. इथे ठिपका उरला.

पांढरटपणाची तीन वेगवेगळी कारणं या एकाच ओट्यावर सापडली. ती वेगळी ओळखता आली नाहीत तर उपाय चुकतो, म्हणून थोडं सविस्तर.

शेगडी आणि सिंक यांच्या मधला भाग, जिथे कापाकापी होते, तिथे दगड फिकट पण सपाट होता. नख अडकत नव्हतं. ओला केला की काळाभोर, वाळला की पुन्हा राखाडी. ही आम्लाची झीज. गोव्याच्या स्वयंपाकघरात आंबट काय कमी असतं? आगळ (कोकमाचा आंबट रस), आमसुलं, बिमली, चिंच, कच्चा आंबा, लिंबू. रोज थोडं थोडं सांडतं. त्यात भर म्हणून सिंकभोवती संडास धुण्याचं आम्ल वापरलं गेलं होतं. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, आणि आगळ वर्षभरात जे करतं ते हे एका दुपारी करतं.

नळाच्या बुडाशी पांढरी खपली होती. ती उंच होती, जुन्या ब्लेडने खरवडली की सुटत होती. हा पाण्यातल्या क्षारांचा थर, दगडाला इजा नाही.

मागच्या भिंतीलगत, विशेषतः सिंकमागच्या ३ फुटांत, पांढरी भुकटी. ओल्या फडक्याने पुसली की जायची आणि दोन-तीन दिवसांत परत यायची. ही भिंतीतून पाण्याबरोबर वर येणारी खार. तिच्यावर पॉलिशचा काही उपयोग नाही, पाणी थांबायला हवं.

चौथी गोष्ट पांढरी नसून चिकट होती. ओटा काळा दिसावा म्हणून त्याला वर्षानुवर्षं खोबरेल चोळलं गेलं होतं. तेल दोन दिवस छान दिसतं, मग धूळ धरतं आणि खवट होतं. त्यावर ना इपॉक्सी धरत ना सीलर, म्हणजे डाग मुरू नयेत म्हणून दगडाला लावायचा द्रव.

गळती शोधायला कपाट रिकामं करून तळाला कोरडी वर्तमानपत्रं अंथरली. मग एका वेळी एकाच जागी पेलाभर पाणी: आधी सांध्यावर, दहा मिनिटं थांबून सिंकच्या कडेला, शेवटी नळामागच्या टाइलवर. तिन्ही वेळा कागद वेगवेगळ्या जागी भिजला. म्हणजे गळती एक नव्हती, तीन होत्या.

शेवटची तपासणी लोक सहसा करत नाहीत आणि तिथेच काम वाया जातं. सांध्यावर एक बोट ठेवून शेजारच्या लादीवर दुसऱ्या हाताच्या तळव्याने जोर दिला. सिंककडची लादी हलली. अगदी किंचित, पण बोटाला कळण्याइतकी. त्या सांध्यात दर दोन-तीन वर्षांनी पांढरा सिमेंट भरला जायचा आणि दर वेळी फुटायचा, त्याचं कारण हेच. सिमेंट चांगला होता, लादीखालचा आधार सुटला होता.

सांधे

पहिलं काम कपाटात आडवं होऊन करायचं. आधाराच्या उभ्या कडाप्प्यावर लादी जिथे टेकते तिथली सुटी माती ब्रशने काढली, दगडाच्या चपट्या कपच्या हलक्या हाताने ठोकून बसवल्या आणि फटीत १ भाग सिमेंट, ३ भाग वाळू असा घट्टसर माल दाबून भरला. कपची जोरात ठोकली तर लादी वर उचलली जाते आणि दुसऱ्या सांध्याला तडा जातो. त्यानंतर चार दिवस ओट्यावर जड काही ठेवलं नाही.

तेवढ्यात तेल काढून झालं. लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, हातमोजे घालून नायलॉनच्या ब्रशने घासायचं, दहा मिनिटं ठेवायचं, स्वच्छ पाण्याने पुसून घ्यायचं. तीन वेळा करावं लागलं. सोडा अल्कधर्मी असल्याने कडाप्प्याला बाधत नाही. पाण्याचा थेंब सगळीकडे सारखा पसरायला लागला की तेल गेलं समजावं. जिथे थेंब गोळा होऊन राहतो तिथे अजून आहे.

दोन्ही सांध्यांतला जुना सिमेंट १२ मिलिमीटर खोलीपर्यंत करवतीच्या पात्याने आणि टोकदार खरवडणीने काढला. रुंदी ५ मिलिमीटर ठेवली. वरवर २-३ मिलिमीटर खरवडून भरलेलं टिकत नाही, कारण दोन्ही बाजूंना धरायला जागाच नसते. हिशेब सोपा आहे: ६०० गुणिले ५ गुणिले १२ मिलिमीटर म्हणजे ३६ मिलिलिटर, दोन सांध्यांना ७२. कडेचे टवके धरून शंभरेक मिलिलिटर. दगडासाठीची घट्ट, दोन भागांची इपॉक्सी २०० ग्रॅम पुरली. रंगासाठी काळा ऑक्साइड चिमूटभरच घालायचा. जास्त झाला तर इपॉक्सी नीट कडक होत नाही.

भरण्याआधी सांधा वाळायला हवा. दोन दिवस पंखा आणि शेवटी केस वाळवायचं यंत्र, असं करावं लागलं. खालून चिकटपट्टी लावली, म्हणजे माल कपाटात टपकत नाही. वर दोन्ही कडांना कागदी पट्टी. माल किंचित उंच भरला, कारण पुढे पॉलिशमध्ये तो दगडाबरोबर सपाट होतो. डब्यावर हाताळायचा वेळ ४५ मिनिटं लिहिला असला तरी तो साधारण २५ अंशांचा असतो. गोव्यात तीस अंशांच्या स्वयंपाकघरात त्याहून बराच कमी मिळतो. एका वेळी एकाच सांध्यापुरता माल कालवावा.

कोपऱ्याच्या सांध्याला त्या रात्री जोराचा पाऊस होता. सकाळी वर चिकट, दुधाळ पापुद्रा. इपॉक्सीचा हार्डनर (तिला कडक करणारा दुसरा भाग) दमट हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून हे करतो. घाबरून सगळं उकरू नये. खालचा माल कडक झालेला असेल तर कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि खरबरीत घासणी एवढं पुरतं. नंतर वाळवून घासलं की जातं. पापुद्रा न धुता त्यावर दुसरा थर दिला तर मात्र तो सुटून येतो.

भिंत आणि ओटा यांच्यातली फट इपॉक्सीने भरायची नाही. भिंत आणि दगड वेगवेगळे हलतात, तिथे लवचीक माल हवा, म्हणजे सिलिकॉन. या घरात आधी सिलिकॉन लावलेलं होतं आणि ते पट्टीसारखं सोलून येत होतं. साधं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना अॅसिटिक आम्ल सोडतं, आणि चुनखडीच्या दगडावर ते स्वतःच्याच पायाखालची जमीन खातं. दुकानात 'न्यूट्रल क्युअर', म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं, असं स्पष्ट मागावं आणि नळीवर वाचून घ्यावं. मागची फट १४ फूट, सिंकची कड ७ फूट, मिळून साधारण ६.४ मीटर. ६ बाय ६ मिलिमीटरच्या रेषेला सुमारे २३० मिलिलिटर लागतं. २८० मिलिलिटरची एक नळी हिशेबात बसते, पण दोन आणल्या, कारण सिंकखालची फट जागोजागी रुंद निघाली. सिंक दगडाच्या खालून बसवलेलं होतं आणि मधला पांढरा सिमेंट भुसभुशीत झाला होता; तो पूर्ण काढून तिथे हेच सिलिकॉन भरलं. सिलिकॉन मात्र पॉलिश झाल्यावरच भरायचं, आधी भरलं तर पॉलिशच्या यंत्राचा पॅड ते फाडतो.

टाइल्सच्या रेषा ३ मिलिमीटर खोल खरवडून इपॉक्सी ग्राउट, म्हणजे टाइल्समधल्या फटी बुजवायचा माल, भरलं. २८ चौरस फुटांना १ किलोचा डबा घेतला, निम्म्याहून जास्त उरला. टाइलवर राहिलेली ग्राउटची झाक व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसायची पद्धत आहे. खाली कडाप्पा असेल तिथे ती वापरू नये, ओघळ थेट ओट्यावर येतो. साबणाचं पाणी आणि वेळेवर पुसणं, एवढंच.

पॉलिश

फोंड्यातून आलेल्या पॉलिशवाल्याकडे पाण्यावर चालणारं, वेग कमी-जास्त करता येणारं यंत्र होतं. कापायचा साधा ग्राइंडर चालत नाही. तो मिनिटाला १०,०००च्या वर फिरतो. ओले हिऱ्याचे पॅड इतक्या वेगासाठी नसतात, दगड तापतो आणि गोल चरे पडतात. वेग २,००० ते ३,०००च्या दरम्यान ठेवला. ४ इंची पॅडचा नवा संच आणला, कारण दुसऱ्या कामावर झिजलेल्या पॅडमध्ये अडकलेला खडा काळ्या दगडावर लगेच उमटतो.

पाणी आणि वीज एकत्र येतात, तेव्हा ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) चालू आहे ना हे त्याच्या टेस्ट बटणाने तपासलं. गॅसचा सिलिंडर बाहेर नेला, बोर्ड प्लास्टिकने झाकले, कपाटांच्या दारांवर जाड कागद बांधला.

सुरुवात सिंकभोवती १०० नंबरच्या पॅडने, बाकी ठिकाणी २०० ने; नंबर जितका मोठा तितका पॅड बारीक. ५० नंबर कुठेच लावला नाही. तो आम्लाची झीज पटकन काढतो, पण त्याचे चरे काढायला पुढे दुप्पट वेळ जातो. मग ४००, मग ८००. दर नंबरानंतर चिखल पुसून, दगड वाळवून, बॅटरीचा झोत आडवा धरून पाहायचं. आधीच्या नंबराचा एकही चरा दिसत असेल तर पुढे जायचं नाही. टप्पा गाळला की ओला दगड फसवतो आणि वाळल्यावर सगळं दिसतं.

घरच्यांना आरशासारखी चकाकी हवी होती. पॉलिशवाल्याने समजावलं, "वहिनी, ३,००० पर्यंत नेतो, पण मग आगळाचा एकेक थेंब उठून दिसेल. ८०० वर थांबूया, हात फिरवाल तर रेशमासारखा लागेल." त्याचं म्हणणं पूर्ण बरोबर होतं. चकाकत्या कडाप्प्यावर आम्लाचा डाग म्हणजे चकाकीतलं भोक. मॅट पृष्ठावर तो मिसळून जातो. आंबट शिजणाऱ्या घरात ८०० च्या पुढे जाऊ नये, हे आमचंही ठाम मत. फक्त पुढची कड, जिथे काही सांडून राहत नाही, १,५०० पर्यंत हाताने घासली. त्याने सगळा ओटा उठावदार दिसतो.

घासताना निघालेला चिखल सिंकमध्ये ओतू नका. दगडाची भुकटी सिंकखालच्या वाकड्या नळीत बसून घट्ट होते. बादलीत रात्रभर ठेवून वरचं पाणी बागेत आणि खालचा गाळ कचऱ्यात टाकला.

सीलर, दोन हप्त्यांत

सीलर लावण्याआधी दगडातली ओल पाहायला फूटभर चौकोनी प्लास्टिक चारही कडांना चिकटपट्टीने हवाबंद लावून २४ तास ठेवलं, तीन ठिकाणी. शेगडीजवळ आणि आखूड बाजूला खाली दगड कोरडा. सिंकमागे प्लास्टिकच्या आतून थेंब आणि दगडावर गडद चौकोन. नळ भिंतीत शिरतो तिथल्या चकतीमागून जाणारं पाणी बंद केलेलं होतं, तरीही. उरलेली ओल बाहेरच्या भिंतीतून येत होती, आणि ती पाऊस असेपर्यंत थांबणार नव्हती.

ओल्या दगडावर सीलर लावला की तो आत शिरत नाही, पृष्ठावर दुधाळ डाग धरतो आणि मागची खार अडकून पापुद्रे काढते. म्हणून ऑगस्टात फक्त कोरड्या भागाला सीलर लावला आणि सिंकमागचे ३ फूट तसेच सोडले. चवथीला ओटा सगळीकडे एकसारखा काळा नव्हता. पण सांधे बंद होते, कपाट कोरडं होतं, आणि नेवऱ्या-पातोळ्यांच्या घाईत तेच कामाला आलं.

सीलर दगडात मुरणारा, रंग गडद करणारा निवडला. वर थर धरणारा वार्निशसारखा नको. पातळ हात फिरवायचा, १०-१५ मिनिटं ठेवायचा आणि वर राहिलेला थेंबन् थेंब पुसून काढायचा. वर वाळला तर चिकट पट्टे पडतात आणि ते त्याच सीलरने ओले करूनच निघतात. दोन हात, मध्ये डब्यावर लिहिलेलं अंतर, आणि शेवटी २४ तास पाणी नाही. २ चौरस मीटरला अर्धा लिटर पुरला. एक गैरसमज मोडायला हवा: सीलरने हळदीचे, तेलाचे डाग मुरायचे थांबतात, आम्लाची झीज थांबत नाही. आगळ सांडलं तर लगेच पुसावं लागेलच.

सांध्यांवर थेट कणीक मळणं किंवा ओलं खोबरं ठेवणं इपॉक्सी पूर्ण पिकेपर्यंत, म्हणजे सात दिवस टाळलं.

नोव्हेंबरात पुन्हा प्लास्टिक लावलं, या वेळी कोरडं निघालं. खार ब्रशने झाडून, ४०० आणि ८०० एकेकदा फिरवून उरलेल्या सीलरचे दोन हात दिले. दोन्ही भागांच्या रंगातला फरक पहिल्या आठवड्यात जाणवत होता, पुढे मिटला.

खर्च: पॅडचा संच १,३००, इपॉक्सी ४५०, सिलिकॉनच्या दोन नळ्या ६००, ग्राउट ७००, सीलर ८००, सोडा-पट्ट्या-प्लास्टिक-सिमेंट ३५०, पॉलिशवाल्याचे दोन दिवस ३,०००. एकूण ७,२०० रुपये. नोव्हेंबरचं काम आणि लादीखालचा आधार घरच्यांनी स्वतः केला, नाहीतर मजुरीचा आणखी एक-दीड दिवस धरावा. दुकानागणिक दर बदलतात. मात्र सिलिकॉन आणि इपॉक्सीत काटकसर करू नये, पॅड स्वस्तातले घेतले तरी २१ चौरस फुटांना पुरतात.

देखभालीला भांड्यांचा सौम्य साबण आणि कोरडं फडकं. लिंबू, व्हिनेगर, खोबरेल आणि संडास धुण्याचं आम्ल ओट्यापासून दूर. दर पावसाळ्यानंतर पाण्याचे चार थेंब वेगवेगळ्या जागी टाकून दहा मिनिटं पाहावं. थेंबाखाली दगड गडद झाला तर तेवढ्याच भागाला सीलरचा एक हात द्यावा. सिंकच्या कडेचं सिलिकॉन कुठे सुटलंय का हेही त्याच दिवशी नखाने तपासून घ्यावं, आणि सुटलं असेल तर त्यावर नवं न थापता तेवढा तुकडा कापून काढून, वाळवून मगच भरावं.